तिथी पाहून समुद्रावर: खान्देशातून लेकरांसह दांडीची एक दिवसाची सहल

खान्देशाला समुद्र नाही, पण समुद्र आपण समजतो तितका लांबही नाही. नंदुरबारहून नाशिक गाठायला जेवढा रस्ता कापावा लागतो, त्यापेक्षा कमी अंतरात सुरत येते. मुलताईला उगम पावलेली आपली तापी भुसावळ, प्रकाशा करत ७२४ किलोमीटर वाहते आणि सुरतेच्या पुढे डुमसजवळ समुद्राला मिळते. सुरतेच्या लिंबायत, उधना, पांडेसरा भागांत तर निम्मी वस्ती आपल्याच माणसांची वाटावी इतकी अहिराणी कानावर पडते. तरीही आपल्याकडची कितीतरी मुलं समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहतात. समुद्र म्हणजे कोकण, कोकण म्हणजे चार दिवसांची रजा, राहण्याचा खर्च आणि गर्दी, असं गणित आई-बापांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

हा लेख अशा घरांसाठी आहे. मुलं लहान आहेत, समुद्रावर पहिल्यांदाच जायचंय, गर्दी नको आहे आणि रात्री झोपायला घरी यायचंय. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, साक्री इथल्या लोकांना हे एका दिवसात आरामात जमतं. धुळेकरांना पहाटे चारला निघावं लागेल. जळगाव, भुसावळ, चोपडा, रावेरच्या मंडळींनी मात्र हट्ट करू नये. रात्रीच्या गाडीने सुरतेला जा, दिवस समुद्रावर घालवा आणि पुन्हा रात्रीच्या गाडीने परता, किंवा सुरतेच्या मावशीकडे एक मुक्काम टाका. बारा तास गाडीत आणि दोन तास पाण्यावर, असा दिवस लेकरांना सोसत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. शांत किनारा म्हणजे जिथे जीवरक्षक दिसेलच असं नाही, हाक मारली तर धावून यायला चार माणसंही नाहीत. ही शांतता हवी असेल तर मुलांची राखण पूर्णपणे आपल्याकडे येते. म्हणूनच पुढे पाण्याबद्दल जरा लांबण लावली आहे.

कुठला किनारा

सुरतेला सगळ्यात जवळचा डुमस. काळी वाळू, भजीच्या गाड्या, घोडे, उंट आणि रविवारी पाय ठेवायला जागा नाही. मोठ्या मुलांना मजा येते, पण चार वर्षांच्या पोराचा हात गर्दीत सुटला तर जीव टांगणीला लागतो. उभराट हा सुरतेपासून चाळीसेक किलोमीटरवरचा, सुरूच्या झाडांचा किनारा. आडवारी गेलात तर छान निवांत असतो.

पहिल्या खेपेला मी दांडी सुचवेन. नवसारीपासून अठरा-वीस किलोमीटरवर हे गाव आहे. किनारा लांब, मोकळा आणि सपाट. शिवाय जवळच राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक आहे. ते ३० जानेवारी २०१९ ला खुलं झालं. सावली, बसायला जागा आणि मुलांना बघायला काहीतरी, असं सगळं तिथे एकत्र मिळतं. समुद्रावरून दमून आल्यावर अशा जागेचं मोल कळतं. गर्दी टाळायची तर मंगळवार-बुधवार-गुरुवार धरा. दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंतचा आठवडा अजिबात नको, तेव्हा सगळा गुजरात फिरायला बाहेर पडलेला असतो.

मुलांना एक गोष्ट घरीच सांगून ठेवा: इथलं पाणी चित्रातल्यासारखं निळं नाही. नर्मदा, तापी, मही अशा मोठ्या नद्या खंभातच्या आखातात गाळ आणून ओततात, त्यामुळे पाणी मातकट दिसतं. ती घाण नव्हे, गाळ आहे. पण गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, हे मोठ्यांनी लक्षात ठेवायचं.

तारीख कशी काढायची

या सहलीत सगळ्यात महत्त्वाचं काम घरात बसूनच करायचं आहे. आपण सहलीचा दिवस सुट्टी पाहून ठरवतो. समुद्राची सहल तिथी पाहून ठरवायची असते.

समुद्राला चोवीस तासांत साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढची भरती सव्वाबारा-साडेबारा तासांनी, म्हणून रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती खूप वर चढते आणि ओहोटी खूप खाली जाते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार सगळ्यात कमी असतो, ती भांगाची भरती. कोकणातली माणसं हे बोलता बोलता सांगतात. आपल्याला विहिरीचं आणि पाटाचं पाणी कळतं, हे मुद्दाम शिकावं लागतं.

आणि आपण जाणार आहोत ते काही साधं पाणी नव्हे. खंभातचं आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं होत जातं. आत शिरलेलं भरतीचं पाणी दोन्ही बाजूंनी दाबलं जाऊन वर चढतं. समोरच्या काठावर भावनगरकडे उधाणाला दहा मीटरच्या वर चढउतार होतो, भारतातला हा सगळ्यात मोठ्या चढउतारांपैकी एक. दांडीला इतका नाही, पण मुंबईच्या चौपाटीवर जे पाहिलंय त्यावरून इथला अंदाज बांधू नका. किनारा सपाट असल्यामुळे ओहोटीला पाणी दूरवर मागे जातं आणि परत येताना तेवढंच अंतर भराभर कापतं.

तेव्हा असं करा. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि मार्गशीर्ष ते माघ या काळातली कुठल्याही पक्षाची अष्टमी, नवमी किंवा दशमी बघा. त्यातली जी आडवारी येते ती निवडा. मग हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर किंवा भरती-ओहोटीच्या एखाद्या ॲपवर सुरतेजवळच्या हजिरा बंदराचा तक्ता काढा. त्यात दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते. भरतीच्या उंचीतून ओहोटीची उंची वजा करा. पंधरवड्यात हा फरक ज्या दिवशी कमीत कमी येईल तो आपला दिवस.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. हा हिशेब मुंबई-रत्नागिरीला चालतो. आखातात भरती वर सरकत सरकत उशिरा पोचते, म्हणून दांडीला तो जसाच्या तसा लावू नका. तक्त्यातलीच वेळ धरा. सोय अशी की अष्टमी-दशमीच्या दिवसांत इथली भरती साधारण सकाळी येते आणि दुपारी ओहोटी लागते. पहाटे निघून पोचणाऱ्याला याहून चांगली वेळ सापडायची नाही.

आता त्या दिवसातली नेमकी कुठली वेळ? भरती पूर्ण होऊन पाणी मागे फिरलं की त्यानंतरचे दोन-तीन तास. तेव्हा पाणी जवळ असतं, खाली ओली घट्ट वाळू उघडी पडत जाते आणि पाणी तुमच्यापासून लांब जात असतं, तुमच्यामागून येऊन वाट अडवत नाही. ओसरणारं पाणी आत ओढतं हेही खरं, म्हणून या वेळात मुलांनी पाण्यात पोहायचं नाही, फक्त पाय भिजवायचे. पूर्ण ओहोटी लागायच्या आत आवरतं घ्या. दूर गेलेल्या पाण्यामागे चिखलात चालत जायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

पाणी सारख्या वेगाने चढत-उतरत नाही, हेही समजून घ्या. सहा तासांतल्या पहिल्या तासात एकूण चढउताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. भरती सुरू झाल्यावर पहिला तास पाणी जागचं हललंय असं वाटतच नाही. माणूस तिथेच फसतो आणि पुढच्या तासात पाणी भोवती येतं.

जून ते सप्टेंबर हा किनारा मनातूनही काढून टाका. जूनपासून मच्छीमारसुद्धा होड्या वर ओढून ठेवतात. श्रावणात कानबाईला गावी आलेले सुरतकर पाहुणे "चला की आमच्याकडे" म्हणतील. तेव्हा हो म्हणा, पण तारीख थंडीतली काढा. एप्रिल-मे मध्ये ऊन आपल्याकडच्यापेक्षा कमी असतं, पण दमट हवेत मुलं लवकर कोमेजतात. मी तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने धरेन.

जायचं कसं

गाडीने: नंदुरबार, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असा रस्ता. धुळ्याहून साक्री, दहिवेल, कोंडाईबारी घाट उतरून विसरवाडी आणि पुढे तोच. बारडोलीपासून सुरतेकडे न जाता नवसारीचा रस्ता धरा, म्हणजे सुरतेची गर्दी चुकते. नंदुरबारहून पहाटे पाचला निघालात तर मध्ये एक थांबा धरून साडेनऊपर्यंत दांडी येते. थंडीत या पट्ट्यात ऊसतोड चालू असते. आपल्याच भागातली कितीतरी कोयतेकरी कुटुंबं तेव्हा तिकडे असतात. पहाटेच्या अंधारात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, त्यामुळे उजाडेपर्यंत वेग आवरा. कोंडाईबारीत धुकं आणि ट्रक दोन्ही भेटतात. घाटात पोरांना मळमळतं, म्हणून निघताना दूध पाजू नका, कोरडी पोळी किंवा टोस्ट द्या. गुजरातेत दारूबंदी आहे, सीमेवर गाड्या तपासतात. गाडीत चुकूनही बाटली राहिलेली नसावी.

रेल्वेने: तापी खोऱ्याची लाईन आपल्यासाठीच आहे. जळगाव, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत गाडी उधना-सुरतेला जाते. तिथून नवसारी तीसेक किलोमीटर, मुंबईच्या दिशेच्या पॅसेंजर किंवा मेमूने अर्ध्या-पाऊण तासात. वेळा बदलत राहतात, म्हणून दोन दिवस आधी पाहून घ्या आणि परतीची गाडी आधी ठरवून मग जाण्याची ठरवा. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर अर्धं, हवी असेल तर पूर्ण भाडं. लांबच्या प्रवासात जागा घ्याच, सात वर्षांचं पोर मांडीवर घेऊन चार तास काढणं दोघांनाही जड जातं. नवसारी स्टेशनबाहेर रिक्षा किंवा इको जाऊन-येऊन ठरवा आणि चालकाचा नंबर घ्या. आडवारी दांडीत परतीचं वाहन शोधत बसायची वेळ येऊ नये.

मुलांना नवापूर स्टेशन आवर्जून दाखवा. महाराष्ट्र-गुजरातची सीमा या स्टेशनाच्या मधून जाते, तिथल्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत होते. आणि नवसारीत पूर्णा नदी लागली की मुलं विचारतील, ही आपल्या चांगदेवच्या संगमावरची का? नाही, ती वेगळी. ही डांगातून येते आणि सरळ समुद्राला मिळते.

सोबत काय न्यायचं

सामानाची यादी लांबवू नका, ते वाळूतून वाहायचं तुम्हालाच आहे. शेतातली ताडपत्री आणि दोर ही दोन सगळ्यात उपयोगाची. ताडपत्री झाडांना बांधली की सावली होते. दोर पंधरा-वीस मीटरचा घ्या, तो कशासाठी ते पुढे येतंच. पिण्याचं पाणी माणशी दोन-तीन लिटर आणि पाय धुवायला पाच लिटरची वेगळी कॅन.

मुलांचे कपडे भडक रंगाचे: केशरी, लाल, पोपटी. निळा, राखाडी, पांढरा नको, पाण्यात मूल दिसतच नाही. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, कानटोपीऐवजी रुंद काठाची टोपी. जीन्स ओली झाली की दगडासारखी लोंबते, ती घरीच ठेवा. बायकांनी पाण्याजवळ साडी-ओढणी टाळलेली बरी, पंजाबी ड्रेस सुटसुटीत. पायात पट्ट्याची सँडल, कारण साधी चप्पल चिखलात रुतून बसते आणि अनवाणी पायाला शिंपल्याची धार लागते. सनस्क्रीन तीस एसपीएफच्या वरचं, दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. मे महिन्याचा तडाखा सोसणारे आपण याला हसतो, पण समुद्रावर वारा गार लागतो म्हणून ऊन कळत नाही आणि संध्याकाळी पोरांची मान-कान लालभडक होतात.

जेवणात तेलकट-रसदार काही नको, वाळू चिकटते. शेवभाजी आणि भरीत घरी परतल्यावर. दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, मुरमुरे आणि जळगावची केळी. केळ्याला हात धुवायची गरज नाही, साल सोलली की झालं. सालं मात्र पिशवीत भरून परत आणायची.

पोचल्यावर आधी काय

गाडी किनाऱ्यावर उतरवू नका. वाळू वरून घट्ट दिसते, टायर एकदा रुतला की ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते. या पट्ट्यात गाड्या अशा पाण्यात गेल्याच्या बातम्या येत असतात. गाडी डांबरी रस्त्याला लावा आणि चालत जा.

मुलांना पाण्याकडे सोडण्याआधी पाच मिनिटं सगळ्यांनी उभं राहून पाणी बघा. आधीच्या भरतीची ओली रेघ आणि कचऱ्याची ओळ कुठवर आहे ते शोधा आणि बस्तान त्याच्या बरंच वर मांडा. गावातलं कोणी दिसलं, विशेषतः मच्छीमार, तर नमस्कार करून विचारा: काका, कुठल्या बाजूला चिखल आहे, कुठे खोल आहे? हिंदी सगळ्यांना येतं. हे दोन मिनिटांचं बोलणं कुठल्याही ॲपपेक्षा कामाचं आहे.

मुलाच्या मनगटावर बॉलपेनाने आपला मोबाईल नंबर लिहा. मग ताडपत्रीजवळ एक काठी रोवून तिला लाल ओढणी बांधा आणि सांगा: ही ओढणी दिसेनाशी झाली तर तिथेच थांबायचं आणि ओरडायचं. मोकळ्या किनाऱ्यावर सगळ्या दिशा सारख्याच दिसतात. वाऱ्याच्या पाठीने चालत गेलेलं मूल बघता बघता शंभर पावलं लांब जातं आणि आपली हाक वाऱ्यात विरून जाते.

पाण्यात

पाणी मुलाच्या घोट्यापर्यंत, फार तर पोटरीपर्यंत. मोठ्यांच्या नव्हे, मुलाच्या. आणि मूल हात लांब केला की पकडता येईल इतक्या अंतरावर. दोन मुलांमागे एक मोठा माणूस, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळीने. पाळीवर असलेल्याच्या हातात मोबाईल नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. "सगळेच बघतायत" म्हणजे कोणीच बघत नाही, म्हणून पाळी कोणाची ते नाव घेऊन सांगा: आता आत्या बघतेय, अर्ध्या तासाने काका.

आपल्या मुलांना विहिरीत उडी मारता येते, पाटात डुंबता येतं, म्हणून आई-बाप निर्धास्त असतात. पण विहिरीचं पाणी उभं असतं. समुद्राचं पाणी येतं आणि जाताना ओढून नेतं. पहिल्यांदा लाट परतली की पोरं किंचाळतात, "माय, पायखालनी वाळू सरकी ऱ्हायनी!" त्याच वेळी समजावून सांगा: ही ओढ घोट्याला एवढी लागते, तर गुडघ्याला किती लागेल. हे समुद्रावर उभं राहून एकदा कळलं की आपोआप लक्षात राहतं. पोहणाऱ्या बाबांनीही आत जाऊ नये. तुम्ही गेलात की मुलं मागे येतात.

गुडघाभर चिखलात पाय रुतला तर सरळ वर ओढू नका, ओढलं की तो आणखी घट्ट बसतो. मुलाला मागे टेकून बसतं करा, पायाभोवतीचा गाळ हाताने सैल करा, बाजूने पाणी ओता आणि पाय हलवत तिरका काढा. स्वतः रुतलात तरी तेच: अंग मागे टाकायचं, म्हणजे वजन पसरतं.

कोणी ओढलं गेलंच तर मागोमाग उडी मारायची नाही. वाचवायला गेलेलाच बुडतो, असं पुन्हा पुन्हा घडतं. पाय धुवायची पाच लिटरची कॅन ओतून रिकामी करा, झाकण घट्ट लावा, कडीला दोर बांधा आणि ती फेका. ती माणसाला तरंगत ठेवते आणि दोराने ओढता येतं. म्हणून पोचल्यावरच दोर कॅनजवळ ठेवायचा, गाडीत नाही. पाण्यातल्या माणसाला ओरडून सांगा: उलटा किनाऱ्याकडे झगडू नको, पाठीवर तरंग, किनाऱ्याला समांतर सरक. लगेच ११२ लावा, रुग्णवाहिकेसाठी १०८, तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४. हे तीन नंबर निघण्याआधीच मोबाईलमध्ये साठवा.

वाळूवर पारदर्शक गोळ्यासारखा जेलीफिश पडलेला दिसला तर मेलेला असला तरी हात लावू देऊ नका. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे कापडाने किंवा एखाद्या कार्डाने उचलून काढा, वाळूने चोळू नका, मग सोसवेल इतक्या गरम पाण्याने शेका. थर्मासमध्ये गरम पाणी असेल तर इथे कामी येतं. श्वास लागला, ओठ-डोळे सुजले तर तडक नवसारीचा दवाखाना.

वाळूवर

इतकं सगळं वाचून वाटेल की मुलांनी मग करायचं काय? पाण्यापेक्षा वाळूत करण्यासारखं जास्त आहे, आणि खरी मजा तिथेच येते.

पाण्याच्या कडेला एक काडी रोवायला सांगा. अर्ध्या तासाने पाणी जिथे असेल तिथे दुसरी. दोन काड्यांमधलं अंतर पावलांनी मोजायचं. तीन-चार काड्या झाल्या की अंतर वाढत गेलेलं त्यांना स्वतःलाच दिसतं, बारा भागांचा ठोकताळा समजावून सांगायला वेगळं बोलावं लागत नाही. पूर्ण ओहोटीच्या आत आवरायचंच आहे, पण चुकून उशीर होऊन पाणी काडीकडे परत येताना दिसलं तर त्याच क्षणी वर यायचं. ती खूण मुलांनीच ओरडून सांगावी असं ठरवा, ती जबाबदारी ती फार मनापासून घेतात.

ओल्या वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, एका छिद्राभोवती किरणांसारखी पसरलेली. ती वाळूतल्या लहान खेकड्याची करामत. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं सूक्ष्म अन्न गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. पावलाचा आवाज झाला की गुडुप. मुलांना तिथे पोटावर पालथं झोपवा आणि अजिबात न हलता थांबायला सांगा. दोन मिनिटांनी छिद्रातून आधी डोळे वर येतात, मग सगळा खेकडा. चिखलाच्या कडेला निवट्या उड्या मारताना दिसल्या तर लांबूनच दाखवा: मासा असून पाण्याबाहेर चालतो.

आणि मिठाचा प्रयोग जरूर करा. आल्या आल्या स्टीलच्या ताटलीत समुद्राचं पाणी दोन चमचे, अगदी पातळ पसरून उन्हात ठेवायचं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. जेवणाच्या वेळेपर्यंत ताटलीच्या कडेला पांढरी कड धरते. ते खायचं नाही, गढूळ पाण्याचं आहे, पण बोटाला लागलेली खरखर मुलांना कळते. मग स्मारकात गेलं की सांगायला सोपं पडतं. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघालेले गांधीजी चोवीस दिवस चालत ५ एप्रिलला इथे पोचले आणि ६ एप्रिलला सकाळी याच किनाऱ्यावरचं मीठ उचलून त्यांनी कायदा मोडला. हेच गांधीजी पुढे १९३६ च्या डिसेंबरात जळगाव जिल्ह्यातल्या आपल्या फैजपूरला आले. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. आपल्या खान्देशाचं नाव निघालं की मुलं पुतळ्यांकडे वेगळ्या नजरेने बघतात.

जेवण आणि परतीचा रस्ता

एकच्या सुमारास ताडपत्रीखाली जेवण. जेवणानंतर पाण्यात जायचं नाही, हे आधीच सांगून टाका. वाळूने माखलेले पाय आधी पूर्ण सुकू द्या, मग कोरड्या पंच्याने झाडा, निम्मी वाळू तशीच पडते. उरलेल्याला कॅनचं पाणी. तुमच्या जागेवरचा एकही कागद, पिशवी, बाटली मागे राहता कामा नये. किनारा शांत आणि स्वच्छ आहे म्हणूनच आपण इतक्या लांब आलो.

स्मारकाला आठवड्याची सुट्टी असते, निघण्याआधी चौकशी करा. तिथे तासभर सावलीत बसलं की लहान मुलं तिथेच पेंगायला लागतात. चारपर्यंत निघा म्हणजे कोंडाईबारी किंवा विसरवाडी फार उशीर व्हायच्या आत गाठता येईल. वाटेत थंडीत पोंक मिळतो. ज्वारीचा कोवळा हुरडाच तो, पण सुरतकर शेव, साखर आणि लिंबू घालून देतात. आपल्या शेतातल्या हुरड्याशी त्याची तुलना करण्यात बारडोलीपर्यंतचा रस्ता सहज सरतो.

घरी पोचल्यावर कितीही दमलात तरी समुद्रात भिजलेले कपडे त्याच रात्री साध्या पाण्यात दोनदा खळबळून टाका, नाहीतर मिठाने ताठ होतात आणि अंगाला खाज सुटते. मुलांची आंघोळ केसांपासून. दुसऱ्या दिवशी कान दुखतो म्हणालं किंवा डोळे लाल दिसले तर तेलाचे थेंब घालत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तक्त्यातल्या वेळेपेक्षा पाणी प्रत्यक्ष किती मिनिटं पुढे-मागे फिरलं ते कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवा, पुढच्या अष्टमीला उपयोगी पडेल.